आईच्या अंगठीची बोली

फोटोतल्या अंगठीत हिरा आहे की काच, हे व्हर्ना स्ट्रायकरला नुसतं बघून कळायचं, आणि आमच्या बेकर्स फोर्डमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना बायका तिच्यापुढे फोन धरायच्या. बाई, एवढं बघ जरा, माझ्या चुलतसासूची अंगठी आहे म्हणतात. व्हर्ना चष्मा कपाळावर चढवायची, फोन नाकाला टेकेल इतका जवळ घ्यायची आणि दोन शब्दांत निकाल द्यायची. काच आहे. नाहीतर, हिरा आहे, पण कड उडालीय. समोरचीचं तोंड पडलं तरी हिला त्याचं काही नसायचं. उभं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढण्यात गेलेलं, त्यामुळे जिभेला साखर लावून बोलणं तिला कधी जमलंच नाही.

हा नाद तिला नवरा गेल्यावर लागला. कार्ल गेला, संध्याकाळी घर खायला उठायचं, टीव्हीवरच्या भांडणांचा वीट आला, तेव्हा ती फोनवर लिलाव बघत बसायला लागली. आमच्या ओहायोत म्हातारं माणूस गेलं की घरातलं सगळं लिलावात निघतं. सोफ्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं. लिलाववाले घाईघाईत फोटो काढतात आणि खाली लिहितात, ‘जुनी अंगठी, पांढरा खडा’. त्यांना कुठे वेळ आहे? व्हर्नाला मात्र वेळच वेळ होता. जुन्या काळी हिऱ्याला पैलू हाताने पाडायचे, त्यामुळे त्याचा माथा लहान असतो आणि मधोमध एक ठिपका दिसतो. तो ठिपका दिसला की बाई सावरून बसायची. दोन पैशांत अंगठी घ्यायची, कोमट पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशने घासायची, आणि जुनं तेच हवं म्हणून हटून बसणाऱ्या तरुण नवऱ्यामुलींना विकायची.

या धंद्यात तिचा एकच नियम होता, आणि तो ती मोडत नसे. बोली लावण्याआधी आकडा ठरवायचा. सोनं किती, खडा कसा, लिलाववाल्याचं कमिशन किती, कर किती, सगळं धरून एक आकडा मनात पक्का करायचा. त्याच्या पुढे एक डॉलरसुद्धा जायचं नाही. नाकापेक्षा मोती जड होऊ द्यायचा नाही, हे तिचं पालुपद. लोक शेवटच्या मिनिटाला चढाओढीला पेटतात, कोण कुठला तो परका माणूस, त्याची जिरवायला म्हणून पैसे फेकतात आणि मग कपाळाला हात लावतात. व्हर्नाने असे खूप पाहिले होते. त्यांच्या मूर्खपणावरच आपलं चालतं, असंही ती उघड म्हणायची. आणि चाललंही तिचं बरं.

तिची धाकटी बहीण मार्लीन अगदी दुसऱ्या टोकाची. हिला घासाघीस करता यायची नाही, दुकानात मागाल तेवढे देऊन यायची. घटस्फोट झाल्यापासून ती आईजवळ राहत होती आणि दिवसा वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करायची. म्हणजे कामावरही म्हातारी माणसं आणि घरीही. आई, एथेल, शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती. तिचं खाणंपिणं, आंघोळ, औषधं, सगळं मार्लीनने काढलं. व्हर्ना दर रविवारी सूप घेऊन जायची, खुर्चीत तासभर बसायची आणि घरी यायची. टेक्ससला राहणारा त्यांचा भाऊ डेल नाताळला फोन करायचा. कुणी किती केलं याचा हिशेब आमच्याकडे तोंडावर मांडत नाहीत, पण गावाला डोळे असतात.

वसंत लागता लागता आई गेली. पुरून आले, चर्चच्या हॉलमधलं जेवण झालं, आणि तिथेच खुर्च्या आवरता आवरता डेलने विषय काढला. घरातलं सगळं रॉय टिपटनच्या लिलावात घाला, म्हणाला. ज्याला जे हवं असेल त्याने इतरांसारखी बोली लावावी. पैसे तिघांत सारखे वाटले की झालं, कुणी कुणाच्या नावाने खडे फोडायला नकोत. यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे ही जुनीच रीत आहे, पोटची पोरंही आईबापाची वस्तू बोली लावूनच घेतात. पण पूर्वी लिलाव घराच्या अंगणात व्हायचा. मुलीने हात वर केला की सगळी शेजारपाजारची माणसं आपापले हात खिशात घालायची, लिलाववालासुद्धा हातोडी पटकन आपटून मोकळा व्हायचा. आईची परात एका डॉलरला मुलीच्या घरी जायची. आता लिलाव फोनवर गेला. तिथे माणूस नाही, नुसता नंबर दिसतो. कोण लेक आणि कोण दलाल, कुणाला कळणार?

मार्लीनने दुसऱ्या दिवशी बहिणीला बाजूला घेतलं. मला आईची अंगठी हवी, बाकी घरातला चमचासुद्धा नको, म्हणाली. पांढऱ्या सोन्याची, जाळीच्या नक्षीची, मधे लहानसा हिरा असलेली ती अंगठी आईच्या बोटात जन्मभर होती. डेलला सांगून ती बाजूला काढू या का, असं तिने भीत भीत विचारलं. व्हर्नाने एक शब्द टाकला असता तर डेल कुरकुरला असता, पण ऐकलं असतं. व्हर्नाने तो शब्द टाकला नाही. ‘डेलशी कशाला हुज्जत घालायची?’ ती म्हणाली. ‘लिलावात पडू दे. मी घेते आणि तुझ्या हातात ठेवते. तू मात्र मधे पडू नकोस. एका घरातल्या दोघी एकमेकींवर चढायला लागल्या तर भाव वाढतो आणि डेल बसल्या जागी हसतो. अगं, हे माझं रोजचं काम आहे.’

मार्लीनने मान डोलावली. तिचा बहिणीवर फार विश्वास होता.

लिलावाच्या आदल्या आठवड्यात रॉयच्या गोदामात वस्तू बघायला ठेवल्या होत्या. व्हर्ना गेली. काचेच्या पेटीतून त्याने अंगठी काढून दिली, आणि तिने सवयीने पर्समधून भिंग काढलं. आजवर आईच्या बोटात ती हजारदा पाहिली होती, भिंगातून कधी पाहिली नव्हती. खडा पिवळसर निघाला. कडेला टवका. खडा मोठा दिसावा म्हणून भोवती चकचकीत पत्रा बसवलेला, त्या काळातली स्वस्तातली युक्ती. मागची पट्टी झिजून तारेएवढी झालेली, आणि कधीतरी माप वाढवताना घातलेला सांधाही जरा ओबडधोबड. व्हर्नाने सांध्याचे कापले, टवक्याचे कापले. गिऱ्हाइकाची वस्तू असती तर तीनशे वीस. आईची म्हणून तिने वर वीस घातले. तीनशे चाळीस. आपण बहिणीसाठी केवढं करतोय, असं तिला तेव्हा खरोखर वाटलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी लिलाव बंद व्हायला लागला. एकेक वस्तू जात होती. आईची शिलाई मशीन गेली, केक ठेवायची काचेची भांडी गेली, बाबांचं मासेमारीचं सामान गेलं. अंगठी शेवटाकडे होती. दोनशेपर्यंत तीन-चार नंबर होते, मग ते गळाले आणि एकच उरला. तो दहा-दहाने चढत होता. व्हर्ना शांत होती. तीनशे चाळीसला तिची बोली वर आली आणि तिथेच थांबली. वेळ संपत आली, आणि समोरच्या नंबरने साडेतीनशे टाकले. शेवटच्या क्षणाला कुणी बोली लावली की घड्याळ पुन्हा तीन मिनिटांवर जातं, तसं ते गेलं.

व्हर्ना उठली आणि तिने कॉफी ओतून घेतली.

ती विसरली होती का? छे. अंगठी कुणाची, कुणाला हवी, सगळं तिला ठाऊक होतं. पण आकडा ओलांडला की हात मागे घ्यायचा, ही तिच्या हाताला लागलेली सवय होती आणि हाताने तेच केलं. दूध घातलं, ढवळलं, परत येऊन बसली. घड्याळ शून्यावर आलं होतं आणि अंगठीवर ‘विकली’ असं लिहून आलं होतं. कपातला पहिला घोट घेतला आणि मग आपण काय केलं ते तिला कळलं. जित्याची खोड म्हणतात ती ही. दहा डॉलर. दहा डॉलरसाठी तिने आईची अंगठी घालवली होती.

तिने तिथल्या तिथे रॉयला फोन लावला, लिलाव पुन्हा उघड म्हणाली, मी दुप्पट देते. रॉय भला माणूस, पण लिलाव झाला तो झाला. कुणी घेतली तेही त्याला सांगता येईना, नियमच तसा. बाहेरच्या राज्यातला कुणी व्यापारी आहे, तुझा निरोप पोचवतो, एवढंच तो म्हणाला. निरोपाला उत्तर कधी आलं नाही. व्यापारी अशा अंगठ्यांचं काय करतात हे व्हर्नाला चांगलं माहीत होतं. खडा उपटायचा आणि सोनं भट्टीत. तिने स्वतः कितीतरी अंगठ्यांचं तेच केलं होतं. त्या कुणाच्या आयांच्या होत्या, हा विचार तिला त्या मंगळवारी पहिल्यांदा शिवला.

फोन ठेवला तोच मार्लीनचा आला. मिळाली का, तिने विचारलं. आणि व्हर्ना, जी कुणाचं मन राखायला कधी खोटं बोलली नव्हती, ती स्वतःची अब्रू राखायला बोलली. अगं, काय सांगू, कुणीतरी येडा निघाला. नऊशेच्या वर नेली त्याने. मग मार्लीन म्हणाली, की जाऊ दे मग, तू तरी काय करणार.

त्या दोन वाक्यांनी व्हर्नाला जे लागलं ते शिव्यांनी लागलं नसतं. त्यानंतर ती बहिणीशी एकदम चांगली वागायला लागली, इतकी की गावाला नवल वाटलं. मार्लीनच्या गाडीला नवे टायर घालून दिले. हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ स्वतः फावड्याने काढायची, वय झालेलं असताना. मार्लीन थट्टेने म्हणायची, तुला एकाएकी काय झालंय, मरायला-बिरायला टेकलीस की काय. व्हर्ना हसायची आणि घरी येऊन फोन उघडून बसायची.

कारण आता ती एकच अंगठी शोधत होती. धंदा जवळजवळ सुटला होता. समोर चांगला हिरा मातीमोल जात असला तरी तिचं लक्ष नसायचं. न जाणो, त्या व्यापाऱ्याने मोडली नसेल. न जाणो, जशीच्या तशी पुढे विकली असेल. रोज जाळीकामाच्या शेकडो अंगठ्या नजरेखालून घालायच्या, भिंग लावून फोटो बघायचे, नाही म्हणायचं आणि पुढे जायचं. चर्चबाहेर कुणी फोन पुढे केला तर डोळे दुखतात म्हणायची. हिवाळे आले नि गेले. डोळे खरंच दुखायला लागले.

आणि एका शरद ऋतूत इंडियानातल्या कुठल्याशा लिलावात ती दिसली. तीच जाळी, तीच दोन्ही बाजूंची पानं, तोच पत्रा. पण फोटो मोठा करून पाहिला तर खडा पांढरा होता आणि टवका नव्हता. आईची नव्हती. त्या काळी एकेका साच्यातून असल्या हजारो अंगठ्या पडायच्या, तिला हे पोरांच्या पाढ्यांसारखं पाठ होतं. शहाण्या माणसाने तिथेच फोन बंद केला असता. व्हर्नाने बोली लावली. समोरचा चढला, ही चढली, तो पुन्हा चढला, ही पुन्हा. आकडा ठरवलाच नव्हता. बाई अक्षरशः पेटली होती, आणि घेऊनच थांबली.

मग तिने आणखी एक गोष्ट केली, ती सांगायलाही जड जातं. झेन्सव्हिलच्या एका सोनाराकडे जाऊन तिने अंगठीची मागची पट्टी घासून बारीक करून घेतली. खड्याच्या कडेला टवका पाडून घेतला. सोनार म्हणाला, लोक माझ्याकडे टवके लपवायला येतात, पाडायला येणाऱ्या तुम्ही पहिल्याच. व्हर्नाने त्याचे पैसे मोजून दिले.

पुढच्या रविवारी ती मार्लीनच्या घरी जेवायला गेली. मार्लीनने चिकन नूडल केले होते, खाली कुस्करलेला बटाटा, आई करायची तसे. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा व्हर्नाने डबी टेबलावर ठेवली. ‘मिळाली,’ ती म्हणाली. एवढ्या एका शब्दाची तिने वाटभर तालीम केली होती.

मार्लीनने हात पुसले आणि डबी उघडली. अंगठी बोटात घातली, वळवली, आतून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. तिचा चेहरा आधी उजळला होता, तो हळूहळू नेहमीसारखा झाला.

‘सुंदर आहे गं,’ ती म्हणाली. ‘पण ही आईची नाही.’

तीच आहे, जाळी बघ, टवका बघ, असं व्हर्ना घाईघाईने सांगायला लागली. मार्लीनने तिला बोलू दिलं.

‘व्हर्ना, आईची बोटं सुजायची. दर आंघोळीला साबण लावून मीच ती काढायचे, मीच घालायचे. चार वर्षं. आत एक सांधा होता, तो इथे अंगठ्याला खरखर लागायचा. टवक्याचं मला नाही माहीत. ही आतून गुळगुळीत आहे.’

तो सांधा व्हर्नाने भिंगातून पाहिला होता. त्याचे पैसे कापले होते आणि मग विसरून गेली होती. आता तिला मान वर करवेना.

‘आणि ती नऊशेला गेली नव्हती,’ मार्लीन म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. ‘साडेतीनशेला गेली. मी बघत होते.’

त्या संध्याकाळी ती वृद्धाश्रमात कामावर होती. चादरींच्या घड्या घालायच्या खोलीत फोन घेऊन बसली होती, नुसती बघायला. तीनशे चाळीसचा नंबर बहिणीचाच असणार हे तिने ओळखलं, त्याच्यावर दुसरा चढला, घड्याळ पुन्हा तीन मिनिटांवर गेलं. ‘मी म्हटलं, आता बटण दाबेल. आता दाबेल. कुणीतरी हाक मारत होतं मला, मी गेले नाही.’

‘अगं, मग तू का नाही दाबलंस?’ व्हर्नाच्या तोंडून निघून गेलं.

‘तू सांगितलं होतंस, मधे पडू नकोस.’ मार्लीनने चमचा ताटलीत सरळ केला. ‘माझ्याकडे होते पैसे. दोन हजार बाजूला काढले होते. तू आणलीस की तुला द्यायचे म्हणून.’

व्हर्ना रडायला लागली. तिला रडताना गावात कुणी पाहिलं नव्हतं, कार्लच्या वेळीसुद्धा. एवढी वर्षं गप्प का राहिलीस, तिने विचारलं. मार्लीन म्हणाली, नऊशे म्हणालीस तेव्हाच कळलं की तुला लाज वाटतेय, म्हटलं राहू दे. टायरच्या वेळी सांगणार होते. मग वाटलं, बर्फही काढतेय बिचारी.

मग मार्लीनने विचारलं, ‘एवढंच सांग मला. त्या तीन मिनिटांत तुझ्या मनात काय होतं?’

नेट गेलं होतं, म्हणता आलं असतं. बोट चुकलं, म्हणता आलं असतं. मार्लीनने तेही मानून घेतलं असतं, आणि व्हर्नाला ते ठाऊक होतं.

‘वाटलं, खडा पिवळा आहे,’ व्हर्ना म्हणाली. ‘एवढ्याची नाही. थांबले, तर बरं वाटलं. वाटलं, चला, आपण वाहवलो नाही.’

मार्लीनने मान हलवली. अंगठी बोटातून काढली, डबीत ठेवली आणि डबी बहिणीकडे सरकवली. चांगल्या किमतीला जाईल ही, तू विक, म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिला खरंच तसं वाटत होतं. मग उठून तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि गरम नूडल आणखी वाढू का विचारलं.

व्हर्नाचं पोट कधीच भरलं होतं. पण नको म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय असं तिला वाटेना, म्हणून तिने ताटली पुढे केली.